प्रसूत्युत्तर स्तन्यदमनाचे उपाय : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
मूल मृतावस्थेत जन्मले, जन्मताच दगावले अथवा आजारपणामुळे माता त्यास अंगावर पाजू शकत नसली, तरी प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांत स्तनांत दूध उतरतेच. ते आटविण्याचे उपाय अनेक समाजांत रूढ होते. विसाव्या शतकात हा विषय घरातील जाणत्या स्त्रियांकडून औषधशास्त्राकडे गेला. या स्थित्यंतराचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पारंपरिक उपाय :
छाती घट्ट बांधणे व थंड पट्ट्या ठेवणे हे सर्वपरिचित उपाय होत. दक्षिण भारतात स्तनांवर मोगऱ्याची फुले बांधण्याची प्रथा आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात या फुलांची ब्रोमोक्रिप्टीन या औषधाशी तुलना करण्यात आली. रक्तातील प्रोलॅक्टिनचे प्रमाण औषधाने अधिक घटले. परंतु दूध कमी होण्याच्या दृष्टीने दोन्ही उपाय सारखेच परिणामकारक आढळले.

संप्रेरकांचा काळ :
१९३८ साली चार्ल्स डॉड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केले. स्वस्त आणि तोंडाने घेता येणारे हे औषध पुढे दूध थांबविण्यासाठी सर्रास दिले जाऊ लागले. तथापि १९६७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकातील एका लेखाने या उपचाराचा संबंध बाळंतिणीच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याशी जोडला. १९७८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या कारणासाठीची इस्ट्रोजेनची मान्यता काढून घेतली.

ब्रोमोक्रिप्टीनचा उदय व माघार :
दुग्धनिर्मितीस चालना देणाऱ्या प्रोलॅक्टिनवर डोपामिनचा अंकुश असतो. अर्गट वर्गातील ब्रोमोक्रिप्टीन डोपामिनप्रमाणेच कार्य करते. अमेरिकेत १९८० साली त्यास स्तन्यदमनासाठी मान्यता मिळाली. पुढे रक्तदाब वाढणे, झटके, पक्षाघात व हृदयविकार यांच्या नोंदी येऊ लागल्या. १९८९ साली तेथील सल्लागार समितीने स्तन्यदमनासाठी कोणतेही औषध सरसकट देऊ नये, असे मत दिले. तरीही उत्पादक कंपनीने या उपयोगातून माघार घेतली ती १९९४ साली. युरोपीय औषध संस्थेने २०१४ साली या औषधाचा वापर वैद्यकीय कारणापुरता मर्यादित केला. कॅबर्गोलिनची एकच मात्रा पुरत असल्याने आवश्यक प्रसंगी ते आता दिले जाते. उच्च रक्तदाब असलेल्या बाळंतिणीस मात्र ते टाळले जाते.

निष्कर्ष :
दूध काढले गेले नाही, तर ते बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरू लागते. जी अवस्था स्वतःहून निवळते, तिच्यासाठी निरोगी स्त्रीच्या जीवास किती धोका पत्करावा, हाच या इतिहासातील मूळ प्रश्न होय. इस्ट्रोजेनच्या अनुभवाने तो उपस्थित केला होता. ब्रोमोक्रिप्टीनच्या वेळी तो पुन्हा उशिराच विचारला गेला. मूल गमावलेल्या मातेला मात्र वाहणारे दूध हे केवळ शारीरिक दुखणे नसते. म्हणूनच उपायांच्या धोक्यांची स्पष्ट माहिती देऊन निर्णय तिच्यावर सोपविणे, हाच या इतिहासाचा बोध म्हणावा लागेल.