पिन, पंखा आणि एक जुने पेटंट

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत ५०,००० अटल टिंकरिंग लॅब जाहीर झाल्या. तेथे आर्डुइनो बोर्डाला छोटा पंखा जोडताना नवख्याची पहिली चूक बहुधा एकच असते: तार थेट पिनला.

२००५ साली इटलीतील इव्हरेया येथे जन्मलेल्या या बोर्डाची पिन सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाहासाठी असते. पाच व्होल्टच्या पंख्याला शंभराहून अधिक लागू शकतात. म्हणून पिनने केवळ इशारा द्यावा आणि वेगळ्या पुरवठ्यातील प्रवाह ट्रान्झिस्टरने सुरू-बंद करावा. हा ट्रान्झिस्टर १९४७ साली अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये साकारला.

मोटर बंद होताना मात्र तिच्या वेटोळ्यात उलट विद्युतदाब उसळतो. हे स्वयंप्रवर्तन जोसेफ हेन्री यांनी १८३२ साली मांडले. त्या उसळीला सुरक्षित वाट देतो अर्धवाहक डायोड. अर्धवाहक उपकरणाचे एक आरंभीचे पेटंट, रेडिओलहरी टिपणाऱ्या गॅलेना स्फटिकाचे, १९०४ साली कोलकात्याच्या जगदीशचंद्र बोस यांना मिळाले होते.

पंखा फिरला की प्रयोग संपला, असे मानले तर ५०,००० हा केवळ आकडा उरेल. डायोड का जोडला, याचे उत्तर विद्यार्थ्याला देता आले, तरच ती प्रयोगशाळा ठरेल.