बाटलीतल्या बुटक्यांची कुळकथा

भाताची काही रोपं शेजारच्या रोपांपेक्षा भराभर उंच वाढत, पिवळट नि लेचीपेची होत आणि बहुतेकदा दाणा भरण्याआधीच माना टाकत. तैवानमध्ये काम करणारे जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा यांनी १९२६ साली या रोगाचं मूळ शोधलं. एका बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्याने रोपं ताणली जात होती. तेइजिरो याबुता यांनी १९३५ मध्ये त्याचं नाव ठेवलं जिबरेलिन. हेच द्रव्य निरोगी झाडंही स्वतः बनवतात, हे कळायला आणखी दोन दशकं लागली.

खोड आखूड करणारी रसायनं मात्र वेगळ्या वाटेने आली. १९४९ मध्ये अमेरिकेत पहिली सापडली. १९६० मध्ये एन. ई. टॉल्बर्ट यांनी क्लोरमेक्वाट या अशाच रसायनाचा परिणाम दाखवला. ही रसायनं झाडातलं जिबरेलिनच अडवतात, हा उलगडा नंतर झाला. तोवर कुंडीतल्या पॉइनसेटियाला ठेंगणं ठेवण्यासाठी बागायतदारांनी ती हाताशी धरली होती. पुढे आलेलं पॅक्लोब्युट्राझोल त्याहून जालीम. कोकणातले आंबा बागायतदार ते ‘कल्टार’ म्हणून ओळखतात.

टिश्यू कल्चरच्या बाटलीत त्याला निराळंच काम मिळालं.

बाटलीतली हवा दमट असते. तिथे वाढलेल्या शेवंतीच्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. रोप बाहेर काढलं की बघता बघता कोमेजतं. १९९० च्या सुमारास इंग्लंडमधल्या प्रयोगांत बाटलीतल्या पोषक माध्यमात लिटरमागे काही मिलिग्रॅम पॅक्लोब्युट्राझोल घातलं, तेव्हा खोड आखूड झालं, मुळं जाड झाली, पानांवर मेण वाढलं आणि कोमेजणंही कमी झालं.

इस्राएलमध्ये संशोधक मीरा झिव यांचा पेच दुसरा होता. द्रव माध्यमात ग्लॅडिओलसची पानं लांबलचक, काचेसारखी आणि ठिसूळ होत. १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं की अशी वाढरोधक रसायनं घातल्यावर पानं लांबत नाहीत, कोंबांचे घट्ट गुच्छ वाढतात. ते साखर वाढवलेल्या घट्ट माध्यमावर ठेवले की छोटे कंद धरतात, आणि कंदाला कोमेजण्याचं भय नाही.

मात्रा जास्त झाली तर मात्र मातीत लावल्यावरही रोप बराच काळ खुंटलेलं राहतं. म्हणून प्रयोगशाळांनी दर वाणासाठी आधी मोजक्या बाटल्यांवर मात्रा तपासावी, मगच ती सगळ्या लॉटला वापरावी.