टायरवरचे आकडे : रिम बदलण्याआधी वाचा

टायरच्या कडेला 185/65 आर15 88एच असं छापलेलं असतं. 185 ही रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेची उंची तिच्या 65 टक्के, रिम 15 इंची. एच म्हणजे ताशी कमाल 210 किलोमीटर. ते आपल्याला कशाला लागतंय! खरा आकडा 88 : हवा बरोबर असेल तर एका टायरला 560 किलोपर्यंत भार.

झोकासाठी 16ची रिम घालायची तर 195/55 आर16 बसतो. चाकाची उंची जवळपास तेवढीच राहते, स्पीडोमीटर फसत नाही. पण त्यावर बऱ्याचदा 87 असतं, म्हणजे 545 किलो. ईदला सगळं घर आणि सामान भरून गावी निघताना हे नको. 88च्या खाली जाऊ नका. शिवाय मोठी रिम बहुधा जड, कडेला रबर कमी. खड्ड्यात आधी तीच वाकते.