इन्स्टॉलेशनच्या पहिल्या पडद्यावर मराठी कधी आली?

संशोधनाचा प्रश्न सापडतो कुठे, असं बरेच जण विचारतात. माझा एक छोटा प्रश्न डिस्क बनवताना सापडला.

सोलापुरात एका लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरांसाठी मी डेबियन लिनक्समध्ये थोडे बदल करून, मराठी फॉन्ट आणि लागणारे प्रोग्रॅम आधीच घातलेली डिस्क तयार करत होतो. मशीन डिस्कवरून सुरू झालं की आधी भाषांची यादी येते. त्यात मराठी, कन्नड, तेलुगू अशा सोलापूरच्या तिन्ही भाषा दिसल्या. या यादीत कधी आल्या असतील?

थोडी पार्श्वभूमी. आयएसओ फाइल सीडीवर नुसती कॉपी करून मशीन सुरू होत नाही. सुरुवातीचा कोड कुठे आहे, हे बायोसला ठरलेल्या जागी लिहिलेलं सापडावं लागतं. सीडीसाठी ही पद्धत फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये 'एल टोरिटो' या नावाने ठरवली. म्हणून फाइल 'बर्न' करायची.

आता मुख्य प्रश्न. माझा पहिला अंदाज होता की अडचण लिपीची असणार. जुना इन्स्टॉलर अक्षरं चौकटीत एकापुढे एक मांडायचा. देवनागरीला हे चालत नाही. 'लिपी' शब्दातली पहिली वेलांटी टाइप होते 'ल'नंतर, दिसते मात्र त्याच्या आधी. जोडाक्षरांचा प्रश्न आणखी वेगळा. त्यासाठी चित्ररूप इन्स्टॉलर हवा होता. तो एप्रिल २००७ मध्ये डेबियन ४.० सोबत आला. झालं, उत्तर मिळालं असं वाटलं.

मग त्याच आवृत्तीची यादी नीट पाहिली. हिंदी होती, नेपाळीही होती. दोन्हींची लिपी देवनागरीच, पण मराठी नव्हती! ती आली फेब्रुवारी २००९ मध्ये, आवृत्ती ५.० सोबत. कन्नड आणि तेलुगू त्यानंतर, फेब्रुवारी २०११ मध्ये, ६.० सोबत.

म्हणजे लिपीचं कुलूप २००७ मध्येच उघडलं होतं. उरलं होतं ते भाषांतर. कुणीतरी बसून एकेक वाक्य मराठीत आणायचं, तपासायचं, पुढच्या आवृत्तीसाठी पुन्हा सुधारायचं. याला पुरावा काय? तो ६.० मध्येच मिळतो. त्या आवृत्तीत वेल्श आणि वोलोफ या भाषा यादीतून काढल्या गेल्या, कारण त्यांची भाषांतरं अद्ययावत झाली नव्हती. या दोन्ही भाषा रोमन लिपीतल्या, लिपीची काहीच अडचण नव्हती.

यातून दोन गोष्टी शिकलो. एक, पहिलं उत्तर पटलं की लगेच शेजारचं उदाहरण तपासायचं. हिंदीकडे पाहिलं नसतं, तर 'तंत्रज्ञानामुळे उशीर झाला' असं मी बिनधास्त लिहून टाकलं असतं. दुसरी, मूळ साधन स्वतः पाहायचं. प्रत्येक आवृत्तीसोबतची माहितीपत्रकं आणि जुन्या आयएसओ फाइली डेबियनने जपून ठेवल्या आहेत. व्हर्च्युअल मशीनमध्ये ४.० आणि ५.० सुरू करा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा. एका संध्याकाळचं काम आहे.

डिस्क झाली, लॅबमध्ये चालतेय. मात्र भाषांची यादी आता मी वेगळ्या नजरेने वाचतो. तिथलं मराठीचं नाव भाषांतर करणारे टिकून आहेत तोवरच टिकणार आहे.