पदवीपूर्ती दर, अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील
क्रीडा शिष्यवृत्तीवर प्रवेश घेतलेल्या फुटबॉलपटूंपैकी सहा वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण. (हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा अमेरिकन खेळ.) ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळून व्यावसायिक संघात गेलेल्या डेक्स्टर मॅन्लीने १९८९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे, आपल्याला धड वाचताही येत नव्हते, असे सांगितले. १९९० च्या कायद्याने विद्यापीठांना हे आकडे जाहीर करणे भाग पडले. सरकारी मोजणीत विद्यापीठ सोडून दुसरीकडे गेलेला खेळाडू, तिथे पदवीधर झाला तरी, मूळ विद्यापीठाच्या खाती अपूर्णच राहतो. एनसीएए ही क्रीडासंघटना मात्र समाधानकारक प्रगती असताना गेलेल्याला वगळते आणि बाहेरून आलेल्याला धरते. साहजिकच तिचा आकडा चढा असतो. विद्यापीठे मिरवतात तोही हाच.