पडद्यावरील क्रांति

चित्रपट हा इतिहासाचा आरसा होय, असें पुष्कळांस वाटतें. पण कित्येकदां तोच इतिहास बनवितो. १९१७ सालीं बोल्शेविकांनीं पेट्रोग्राडचा हिवाळी राजवाडा घेतला, तेव्हां प्रतिकार थोडा व रक्तपात त्याहूनहि थोडा झाला. परंतु आयझेन्स्टाइनच्या ‘ऑक्टोबर’ या १९२८ च्या मूकपटांत प्रचंड जनसमुदाय राजवाड्यावर तुटून पडतो! क्रांतीच्या दशवार्षिक उत्सवासाठीं सोव्हिएत सरकारनेंच तो काढविला होता. आणि स्टालिनशीं बिनसलेल्या ट्रॉट्स्कीचीं बहुतेक दृश्यें प्रदर्शनापूर्वींच कापलीं गेलीं. पुढें या पटांतील चित्रें अस्सल छायाचित्रें म्हणून इतिहासग्रंथांतूनहि छापलीं गेलीं. एका पक्षानें रातोरात हस्तगत केलेली सत्ता अशा रीतीनें जगाच्या स्मृतींत समस्त जनतेचा उठाव ठरली. म्हणून पडदा काय दाखवितो, एवढेंच पाहून भागत नाहीं. कोण दाखवितो व काय गाळतो, हेंहि विचारलें पाहिजे.