भिंतीवरचं चित्र आणि आपलं नाव

मी साकीनाक्याहून बोलतेय, बचत गटाचं काम बघते.

आमच्याकडे गल्लोगल्ली छोटे गाळे आहेत. एका गाळ्यात मी अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छापलेली चित्रं पाहिली. पत्र्यावर आधी बारीक रेघांचा पोत काढतात, मग मशीनने रंग छापतात. जिथं पांढऱ्या शाईचा थर देत नाहीत, तिथं खालचा धातू चकाकतो. चित्रात ना देव, ना झाड, ना माणूस. नुसते रंग आणि आकार. याला अमूर्त चित्र म्हणतात. शहरातले लोक ते दिवाणखान्यात लावतात.

छापील चित्र घरात लावणं मात्र नवं नाही. साकीनाक्याहून जवळच घाटकोपर. तिथं १८९४ साली राजा रविवर्मा यांनी छापखाना काढला. यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून आणले. तेव्हा प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवत चित्र पुरं व्हायचं. तोवर रंगवलेलं मोठं चित्र राजवाड्यात असायचं. छपाईमुळे लक्ष्मी, सरस्वती साध्या घरातल्या भिंतीवर आल्या. पुढे मुंबईत प्लेग पसरला आणि छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. नंतर तो एका जर्मन तंत्रज्ञाला विकला. १९७२ साली तिथं मोठी आग लागली.

या चित्रांवर घरोघरी बायका जर, टिकल्या, कापड लावायच्या. देवीला खरीखुरी साडी नेसवायच्या. अशी चित्रं आज संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. खाली रविवर्मांचं नाव असतं. टिकल्या लावणारीचं नसतं.

हे आज का सांगतेय? आमच्या गटातल्या एका ताईने गोधडी शिवली. जुन्या साड्यांचे तुकडे, कडेने उभे-आडवे टाके, मध्ये चौकोनात चौकोन. एका व्यापाऱ्याने मोबाईलवर फोटो काढला. काही महिन्यांनी तीच नक्षी पत्र्यावर छापून विकायला आली. ताईला ना पैसे, ना नाव. ती म्हणाली, "अगं, ही तर माझी गोधडी!" आमच्याकडे दाखवायला कागदाचा एक कपटाही नव्हता.

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. रविवर्मा १९०६ साली वारले, म्हणून त्यांची चित्रं आज कुणीही छापू शकतं. अमूर्त चित्रांसाठी गाजलेले आपले वासुदेव गायतोंडे २००१ साली गेले. त्यांचं चित्र परवानगीशिवाय छापता येत नाही. म्हणजे गटाने असा धंदा करायचा, तर दुसऱ्याचं चित्र मोबाईलवरून उचलायचं नाही. आणि आपलंही कुणाला उचलू द्यायचं नाही.

म्हणून आता आम्ही नवी नक्षी झाली की तारखेसह फोटो काढून गटाच्या वहीत करणारीचं नाव लिहितो. फोटो कुणाला द्यायचा तर आधी लेखी ठरवतो: किती नग, किती पैसे, आणि खाली कुणाचं नाव.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. सुरुवात गोधडीपासूनच करा.